सोडणे, टाकणे आणि सोडावयास लावणे

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर भागातील शेतकरी, कारागीर व कामकरी मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढे चार शब्दांविषयी बोलावयास उभा आहे. कोणी म्हणेल, "शब्द घेऊन काय चाटायचे आहेत? आम्हांस पोटापाण्याचे काही सांगा." मी पोटापाण्याचेच सांगतो आहे. आपल्या लोकांचे शेत गेले, घर गेले, नोकरी गेली, ती पुष्कळदा एकाच शब्दाने गेली. तो शब्द कागदावर होता, वाचला दुसऱ्याने आणि त्याखाली अंगठा उमटला आपला. म्हणून ज्या शब्दाने हातचे जाते, तो शब्द आधी ओळखला पाहिजे. सराफाकडे नाणे वाजवून घेता, बाजारात बैलाचे दात पाहून घेता, मग शब्द तेवढा न पाहता का घेता?

प्रथम आपला रोजचा शब्द घ्या: सोडणे. ह्या शब्दाचा मूळ अर्थ गाठ मोकळी करणे. आपण संध्याकाळी नांगर सोडतो, बैल दाव्याचे सोडतो, गाठोडे सोडतो, वाफ्यात पाणी सोडतो. बैल सोडला म्हणून तो दुसऱ्याचा होत नाही. उद्या पहाटे तो आपल्याच जुवाखाली मान देतो. उपास सोडला म्हणजे जेवलो, आणि अन्न सोडले म्हणजे उपाशी राहिलो. शब्द एकच, पण कशाची गाठ सोडली ह्यावर पोट भरते की रिकामे राहते हे ठरते. हेच तुम्ही पुढे ध्यानात ठेवा.

दुसरा शब्द टाकणे. केर टाकतात, राख टाकतात, फुटके मडके टाकतात. जे टाकले त्यावर नजर परत जात नाही. आता आपल्याच घरातली बोली पाहा. नवरा बायकोस घराबाहेर काढतो तेव्हा गाव म्हणतो, "तिला नवऱ्याने टाकली." आणि मार खाऊन खाऊन जीव वाचवायला बाई माहेरी आली, तर तोच गाव म्हणतो, "ती नवऱ्याला सोडून आली." पहिल्या बोलण्यात ती केरासारखी झाली, दुसऱ्यात ती दोषी झाली. दोन्हीकडून बोल तिलाच! नवऱ्याने काय केले, हे ना पहिल्या बोलण्यात आले ना दुसऱ्या. जुन्या रीतीत काडी मोडून नाते तोडीत, त्यास काडीमोड म्हणत. कागद लिहून देत, त्यास सोडचिठ्ठी किंवा फारकत म्हणत. त्या रीतीत निदान पंचांसमोर काडी मोडे आणि दोघेही मोकळी होत. टाकलेली बाई मात्र मोकळीही नाही आणि बांधलेलीही नाही.

ह्या टाकण्याची आणखी एक खोड सांगतो. दुसऱ्या क्रियापदाच्या मागे हा शब्द लागला की घाई होते आणि काम कायमचे होऊन बसते. देणे निराळे, देऊन टाकणे निराळे. विकणे निराळे, विकून टाकणे निराळे. "सही कर" असे म्हटले तर माणूस विचारतो, कशावर? "सही करून टाक" असे म्हटले की त्याचा हात आपोआप पुढे जातो. हा 'टाक' शब्द विचार करावयास वेळच देत नाही. म्हणून कोणी तुम्हांस "करून टाक" म्हणाला, की तेथेच थांबा, चष्मा काढा, पोरीला हाक मारा, कागद मोठ्याने वाचून घ्या.

तिसरा शब्द मोठ्या घरचा आहे: त्याग. हा शब्द शेतात फारसा ऐकू येत नाही. तो व्यासपीठावर, कीर्तनात आणि सभेत वावरतो. शब्द वाईट नाही. ज्याने आपली वस्तू आपल्या मनाने सोडली, त्याच्या वाट्याला हा शब्द शोभतो. परंतु त्याग करावा असा उपदेश कोण कोणास करतो ते पाहा. भरल्या ताटावरचा माणूस रिकाम्या ताटावरच्यास करतो. विधवेस सांगितले, केस त्याग, कुंकू त्याग, गोड त्याग. तो उपदेश करणाऱ्याने स्वतः काय सोडले? त्याने एक वेळची सुपारीसुद्धा सोडली नाही.

खरे सोडणे कसे असते ते आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. लोकांच्या दडपणाने वडील गोविंदराव म्हणाले, शाळा सोडा नाहीतर घर सोडा. १८४९ साली त्या दोघांनी घर सोडले, शाळा सोडली नाही. दोहोंपैकी काय सोडावे हे त्यांनी स्वतः ठरविले. पुढे १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी ठरविले, की विधवांचे केशवपन आपल्या हातून व्हावयाचे नाही. त्यांनी आपल्या पोटाचे चार पैसे सोडले आणि परक्या घरच्या बाईची अब्रू राखली. पोथीतल्या उपदेशाने जे झाले नाही ते वस्तऱ्याच्या नकाराने झाले. हा त्याग. त्यात सोडणारा जाणता होता आणि सोडल्याचा लाभ दुबळ्यास झाला.

आता चौथा शब्द: उदक सोडणे, म्हणजेच पाणी सोडणे. "हक्कावर पाणी सोडले" असे आपण सहज म्हणतो. हे पाणी आले कोठून? पूर्वी राजे जमीन दान देत, तेव्हा हातावर पाणी घालून देत. हातावरून पाणी ओघळले की दान पक्के झाले. आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहार राजांच्या वेळचे, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा लेख तेथे आहे. ह्याच शिलाहारांचे दानाचे ताम्रपट ठाण्याच्या बाजूस सापडले आहेत. गावे आणि शेते देवळांस व ब्राह्मणांस दिल्याचे अशा पटांत लिहिलेले असते. आता विचार करा, राजाने पाणी सोडले ते आपल्या हातावरून, पण त्या शेतात घाम कोणी सोडला होता? ज्याने बांध घातला, रोप लावले, त्यास विचारून ते पाणी सुटले का? त्याचे नाव ताम्रपटावर शोधून पाहा. दात्याचे नाव असते, घेणाऱ्याचे नाव असते, बापाआजाचे गोत्रसुद्धा असते. कसणारा त्या शेताच्या मातीत मिळून गेला.

तेव्हा ह्या चारही शब्दांस लावावयाची कसोटी एकच. गाठ कोणी सोडली, वस्तू कोणाच्या हाती गेली, आणि ती परत मिळण्याची वाट आहे की नाही? एवढे तीन प्रश्न विचारले की सोडणे कोणते आणि सोडावयास लावणे कोणते हे लगेच दिसते.

आता आपल्या गावच्या मातीत या. ह्या भागात सोडण्याचा इतिहास मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली मंडळी त्याच छावणीच्या बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. ही मंडळी घर, शेत, दुकान सगळे मागे सोडून आली होती. पण त्यांनी हक्क सोडला नव्हता. मागे काय राहिले त्याचा दावा त्यांनी सरकारदरबारी लिहून दिला, आणि १९५४ साली विस्थापितांस भरपाई देण्याचा कायदा झाला. सोडून येणे आणि हक्क सोडणे ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे त्या निर्वासितांस कोणी शिकवावे लागले नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसानेही आपला कागद जपला.

त्याच युद्धात नेवाळी आणि तिच्या शेजारच्या गावांची जमीन ब्रिटिश सरकारने विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली. दीड हजार एकरांहून अधिक जमीन ती. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली आणि कित्येक शेतकरी तीच जमीन कसत राहिले. २०१७ साली नौदलाने तेथे भिंत घालावयास घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी शेतकरी रस्त्यावर आले, गाड्या जळल्या, पोलिसांचे छर्रे लोकांच्या अंगात शिरले. जाळपोळीने कोणाचे कल्याण झाले नाही. पण त्या तंट्याच्या मुळाशी काय आहे? एक शब्द आहे. शेतकरी म्हणतात, जमीन युद्धापुरती घेतली होती, परत देण्याच्या बोलीवर. सरकार म्हणते, जमीन आमची झाली. कायद्यात ह्या दोन घेण्यांना दोन नावे आहेत. संपादन म्हणजे जमीन कायमची घेणे. अधिग्रहण म्हणजे गरजेपुरती ताब्यात घेणे. बोलताना वर्तमानपत्रेसुद्धा हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. पण शेतकऱ्यास त्यात आकाशपाताळाचा फरक आहे. पहिल्यात जमीन गेली, दुसऱ्यात बैल परक्याच्या गोठ्यात बांधला एवढेच. आजोबांच्या वेळी हा फरक कोणी नीट समजावून सांगितला नाही, आणि नातवंडांच्या डोक्यावर लाठी आली.

ह्याच्या उलट एक उदाहरण पाहा. समुद्राकाठी, अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांत खोतांचा जुलूम होता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारपणाखाली कुळांनी ठरविले, की खोतांची जमीन कसावयाची नाही. १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षे, त्या लोकांनी नांगर धरला नाही. लाकूडफाटा विकला, मासे धरले, अर्धपोटी राहिले. त्यांनी कसणे सोडले, पण कुळाचा हक्क सोडला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचे बिल मांडले. १९३९ साली कुळकायदा आला आणि १९४९ साली खोती नाहीशी करणारा कायदा झाला. पाहा, सोडणे हे हत्यारसुद्धा होते. मात्र ते धरणाऱ्याच्या मुठीत असले पाहिजे.

आता मी मुख्य गोष्टीवर येतो. बायाबापड्यांनी येथे अधिक लक्ष द्यावे आणि दादामंडळींनी राग मानू नये. आपल्या अंबरनाथ-बदलापूरकडे जमिनीस सोन्याचा भाव आला. जेथे भात पिकत होते तेथे सात-सात मजले उभे राहिले. भाव आला आणि वर्षानुवर्षे सासरी असलेल्या बहिणीची आठवण भावास आली. गाडी पाठवून तिला आणतात, जेवू घालतात, साडीचोळी देतात, आणि मग कचेरीत नेऊन म्हणतात, "ताई, एक सही करून टाक." त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र.

हा कागद काय करतो? बापाच्या मिळकतीत बहिणीचा जो वाटा आहे तो भावाच्या नावे मोकळा करतो. आणि वाटा आहे बरे! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, त्याने मृत्युपत्र केले नसेल तर, मुलीस मुलाएवढा वाटा दिला. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीस जन्मापासून हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, पण तीत आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद उरला नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की २००५ साली बाप हयात नसला तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही. आमचे ठाकूर, कातकरी बांधव आहेत, त्यांस हा वारसा कायदा आपोआप लागू नाही. त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.

आता भाऊ म्हणेल, "बहिणीने प्रेमाने सोडले तर तुमचे काय जाते?" माझे काही जात नाही. प्रेमाने सोडले तर तो तिचा मोठेपणा. पण मी पुन्हा तीच कसोटी लावतो. गाठ तिने स्वतः सोडली का? आपला वाटा किती गुंठे आहे आणि आज त्याचे मोल काय आहे, हे तिला कोणी सांगितले का? की "नाही म्हणालीस तर माहेर तुटेल" एवढेच सांगितले? माहेर तुटण्याचे भय दाखवून घेतलेल्या सहीस प्रेम म्हणत नाहीत. आणि भावांनो, हेही पाहा, बिल्डरापुढे हाच प्रसंग तुमच्यावर येतो. तो तुम्हांस म्हणतो, "दादा, सही करून टाका." जो शब्द तुम्ही बहिणीस ऐकविला तोच फिरून तुमच्या दारी येतो. बहिणीस कागद वाचून दाखविण्याची सवय घरात लागली असती, तर बिल्डराचा कागदही घरात वाचला गेला असता.

म्हणून काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणी झाल्याशिवाय हक्क सोडीत नाही. कोऱ्या कागदावरची सही, तलाठ्याकडचा नुसता जबाब, सोयऱ्यांसमोरचे तोंडी बोलणे, ह्यांनी वाटा जात नाही. पण एकदा नोंदणी झाली की मागे फिरणे फार कठीण. फसवून किंवा धाक घालून सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात जाता येते, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत गेले पाहिजे. बाप वारल्यावर वारसनोंदीत मुलींची नावे लागली का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी मुलींची नावे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' ह्या रकान्यात घालून ठेवतात. तो रकाना म्हणजे ओटीवर बसविलेला पाहुणा, त्यास माजघराचा माणूस कोणी समजत नाही. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते, ती नोटीस चुलीत घालू नका. आणि नाव निघाले म्हणून मालकी गेली असेही समजू नका. सातबारा वसुलीचा कागद आहे, मालकी त्याने ठरत नाही.

आणखी एक कागद कारखान्यातल्या मंडळींचा: राजीनामा. राजी म्हणजे खुषी, नामा म्हणजे कागद. खुषीचा कागद! पूर्वी शेतकरी जमीन सोडी तेव्हा राजीनामा देई आणि नवा धरणारा कबुलायत देई. आता तो शब्द शेतातून कारखान्यात गेला. मालकाने कामगार कमी केला तर कायद्याने त्यास भरपाई द्यावी लागते. कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर ती द्यावी लागत नाही. म्हणून कोठे कोठे म्हणतात, "राजीनामा देऊन टाका, उगाच नाव खराब कशाला करता?" तुम्ही राजी नसाल तर राजीनामा कसला? आणि दिलाच तरी सलग पाच वर्षे काम झालेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी त्याने बुडत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

मग काय, काहीच सोडावयाचे नाही? पुष्कळ सोडावयाचे आहे! कर्ज काढून लग्नाचा मांडव घालणे सोडा. हुंडा घेणे सोडा. दारूची बाटली टाका, आणि तिच्याकडे केराकडे पाहतात तसेसुद्धा वळून पाहू नका. दुसऱ्याने वाचलेल्या कागदावर विश्वासाने अंगठा उठविणे सोडा. १९२७ साली महाडास डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांस मेलेल्या जनावराचे मांस सोडावयास सांगितले. त्या सोडण्याने त्यांचे काही गेले नाही, उलट मान आला. ज्या सोडण्याने सोडणाऱ्याची मान वर होते ते सोडा. ज्याने मान खाली जाते ते धरून ठेवा.

शेवटी एवढेच. कोणी तुमच्या अन्यायाच्या गोष्टीवर म्हणेल, "जाऊ दे, सोडून दे." त्यास शांतपणे विचारा, बाबा रे, हे 'दे' कोणाच्या झोळीत पडणार? त्याचे उत्तर मिळेपर्यंत अंगठा मुठीत ठेवा. आणि घरात जी पोर चौथी-पाचवीत वाचू लागली आहे, तिला रोज रात्री एक कागद मोठ्याने वाचावयास लावा. विजेचे बिल वाचू द्या, सोसायटीची नोटीस वाचू द्या, सातबारा वाचू द्या. तिच्या तोंडून शब्द ऐकताना घरातल्या साऱ्यांस तो कळेल, आणि पुढे कधी कोणी तिच्यापुढे कागद सरकवून "सही करून टाक" म्हणाला, तर आधी काय वाचावे हे तिला विचारावे लागणार नाही.